वुजूचं पाणी कुठं जातं?

बासी ईदच्या दिवशी नालासोपारा पश्चिमेहून कळंबकडे जाणाऱ्या रिक्षा सकाळपासून भरून निघतात. नवे कपडे, आदल्या दिवशीच्या बिर्याणीचा डबा, लहान मुलं, एखादी चटई. सुरूच्या झाडांखाली घरंच्या घरं बसतात. संध्याकाळी माणसं परततात आणि मागे थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याच्या बाटल्या, वाऱ्यावर फिरणारे प्लास्टिकचे ग्लास राहतात. त्यावर दरवर्षी बोललं जातं आणि बोललंच पाहिजे. ज्या कौमच्या तोंडी 'सफाई निम्मा ईमान आहे' हे वाक्य मक्तबपासून असतं, तिच्या ईदनंतर किनारा असा दिसावा, ही शरमेची गोष्ट आहे.

पण आज लिहायचं आहे ते या दिसणाऱ्या कचऱ्याबद्दल नाही. कळंबच्या समुद्रात आपण वर्षभर, घरी बसून, रिक्षाचं भाडंही न देता जे पाठवतो त्याबद्दल. फरशी पुसलेलं फिनाइल, संडासात ओतलेलं अ‍ॅसिड, बादलीभर कपड्यांचा फेस, भांड्यांच्या साबणाचं पाणी. मोरीच्या जाळीखाली गेलं की आपल्या लेखी ते संपलं. प्रत्यक्षात तिथून त्याचा प्रवास सुरू होतो. मोरीतून गटार, गटारातून नाला, नाल्यातून खाडी आणि खाडीतून समुद्र. वसई-विरारमध्ये बोळींजला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, पण शहरात तयार होणाऱ्या सांडपाण्याचा मोठा भाग प्रक्रिया न होताच वाहून जात आला आहे. हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंतही गेला. म्हणजे आपल्या बाटलीवर जे लिहिलेलं असतं ते जवळपास तसंच्या तसं पाण्यात उतरतं.

समुद्र मोठा आहे, पचवेल, असं कोणाला वाटत असेल तर त्याने जरा अलीकडे, गावांकडे पाहावं. कळंब, राजोडी, निर्मळ, गास, सोपारा हा सगळा पश्चिमेचा पट्टा रेताड जमिनीचा. इथल्या विहिरींचं गोडं पाणी जमिनीत फार खोल नसतं. खाली खारं पाणी आणि त्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर, अशी किनाऱ्यावरच्या विहिरींची घडण असते. त्यात वसईची खास गोष्ट म्हणजे बावखल. शेता-वाडीला पाणी मिळावं म्हणून बापजाद्यांनी खोदलेली छोटी तळी. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. अनेक बावखलं बुजवली गेली, काहींवर इमारती उभ्या राहिल्या. जी उरली आहेत त्यांच्या शेजारीच घरांचे शोषखड्डे आणि सेप्टिक टँक आहेत. रेताड जमिनीत वर ओतलेलं खाली पोचायला वेळ लागत नाही. संडासात ओतलेली बाटली आणि शेजारच्या विहिरीतून काढलेला हंडा यांच्यात थोडीशी वाळू असते, एवढंच.

आपल्या दीनमध्ये पाण्याबद्दल जितकं बारकाईने बोललं गेलं आहे तितकं क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल असेल. फिक्हची जवळपास कोणतीही किताब उघडा, पहिला बाब तहारतचा, आणि तहारतची सुरुवात पाण्यापासून. नापाकीमुळे पाण्याचा रंग, वास किंवा चव यांपैकी एकही बदललं तर ते पाणी पाक राहत नाही, हे आपण लहानपणी पाठ केलेलं असतं. एखादी पाक वस्तूसुद्धा त्यात इतकी मिसळली की त्याला आता पाणी म्हणता येत नाही, तर त्याने वुजू होत नाही. साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली. पाण्याच्या जागा, रस्ता आणि लोकांच्या सावलीची जागा घाण करणं हे लानत ओढवून घेणारं काम आहे, असं बजावलं. वाळवंटातल्या लोकांना दिलेली ही ताकीद बावखलाच्या काठावर उभं राहून ऐकावी. आपल्या वस्तीतल्या नाल्याचा रंग, वास तपासून पाहा. (चवीचा प्रश्नच येत नाही.) त्याला पाणी म्हणता येईल का? आणि ते पाणी आपल्याच घरातून निघालेलं असेल, तर आपल्या घराच्या सफाईला काय म्हणायचं?

सुरुवात मशिदीपासून करू, कारण ती आपल्या हातात आहे. प्रेषित (स.) एका मुदभर पाण्यात वुजू करत, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मुद म्हणजे दोन ओंजळींएवढं माप. वेगवेगळ्या मतांप्रमाणे पाऊण लिटरपासून लिटरभरापर्यंत. आपल्या वुजूखान्यात नळ पूर्ण सोडून एक माणूस मसह करेपर्यंत पाच-सहा लिटर सहज जातात. जुमाला तीनशे माणसं धरली, तर एका दुपारी दीड हजार लिटरच्या वर हिशोब जातो, आणि हे अशा शहरात जिथं पश्चिम पट्ट्यातल्या ६९ गावांची पाणी योजना वर्षानुवर्षे रखडत राहिली आणि चाळींत टँकरची वाट पाहणं ही रोजची गोष्ट होती. नळाला फवारा बसवला, चावी अर्ध्यावर फिरेल अशी केली, तरी यातलं बरंच वाचतं. वुजूचं पाणी साबण-फिनाइल न मिसळता वेगळ्या पाइपने बाहेर काढलं तर झाडांना देता येतं, संडासाच्या टाकीत वापरता येतं. नवी मशीद बांधताना हे करणं सोपं असतं. जुन्या मशिदीत जरा तोडफोड करावी लागते.

मग मशिदीच्या जिन्याखालची कोठी उघडा. पाच लिटरचा फिनाइलचा कॅन, अ‍ॅसिडच्या बाटल्या, ब्लीचिंग पावडरची पिशवी, मुतारीत टाकायच्या डांबरगोळ्या. पावसाळ्यात समुद्र कळंबच्या, राजोडीच्या, अर्नाळ्याच्या वाळूवर तेलाचे डांबरगोळे आणून टाकतो, तेव्हा आपण नाक मुरडतो. आणि मुतारीत स्वतःच्या हाताने डांबरगोळ्या टाकतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे मान्य. नाव तेवढं सारखं आहे. पण या मुतारीतल्या गोळ्यांनी घाण जात नाही, फक्त वास झाकला जातो, आणि ती वाफ श्वासातून आत घेणं चांगलं नाही. मुतारी दिवसातून चार वेळा पाण्याने धुतली तर त्यांची गरज पडत नाही. फिनाइलच्या वासाशिवाय फरशी पाक होत नाही असं कोणत्याही फिक्हमध्ये लिहिलेलं नाही. हा वास म्हणजेच स्वच्छता, हे आपल्याला जाहिरातींनी शिकवलं आहे.

इथं एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख अपुरा राहील. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद संडासात हा वायू छातीत जातो, दम कोंडतो, फुप्फुसाला इजा होते. हे घराघरांत घडतं, कारण 'दोन्ही टाकलं तर जास्त पांढरं होईल' असं आपल्याला वाटतं. आणि हे करतं कोण? बाटली उचलणारी, उकिडवं बसून घासणारी आपल्या घरातली अम्मी, आपा, वहिनी असते. किंवा तीन-चार घरांत कामाला जाणारी खाला. किंवा मशिदीचा खादिम. हे वाचणाऱ्यांतल्या कितीजणांनी स्वतःच्या घरचा संडास गेल्या महिन्यात घासला, हे ज्याने-त्याने मनाशी पाहावं. सुट्ट्या अ‍ॅसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली लक्ष्मी प्रकरणात निर्बंध घातले. ते अ‍ॅसिड-हल्ले रोखण्यासाठी होते. आपल्या मोरीतल्या बाटलीचा विचार तेव्हाही कोणी केला नाही.

सेप्टिक टँकचंही असंच. मैला कुजवून पातळ करण्याचं काम टाकीतले जिवाणू करतात. रोज अ‍ॅसिड आणि जंतुनाशक ओतलं की ते मरतात, टाकी नीट काम करत नाही, लवकर भरते, आणि उपसायला माणूस बोलवावा लागतो. माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे. तरी एप्रिल २०२४ मध्ये विरारमधल्या एका मोठ्या गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात चार कामगार गुदमरून गेले. त्या मृत्यूंचं कारण कोणाच्या घरातली फिनाइलची बाटली नव्हती. पण आपण जाळीखाली सोडलेली घाण कोणाला तरी उपसावी लागते, एवढं त्या दिवशी आपल्या शहराने पाहिलं.

आता कपड्यांचा साबण. आपल्याकडे फेस म्हणजे सफाई असा समज आहे. कंपन्याही भरपूर फेस येईल अशीच पावडर बनवतात, कारण फेस नाही आला तर गिऱ्हाईक परत येत नाही. या फेसाचा एक जुना किस्सा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात नवे डिटर्जंट आले तेव्हा त्यांतलं रसायन नदीत कुजतच नव्हतं. जर्मनीत नद्यांवर फेसाचे ढीग उभे राहू लागले आणि १९६१ साली तिथं कायदा करावा लागला. मग कुजणारं रसायन आलं. आपल्याकडची आजची पावडर बहुतेक त्या नव्या जातीची आहे; पण कुजण्यासाठी प्रक्रिया केंद्र लागतं, हवा लागते, वेळ लागतो. दिल्लीत कालिंदी कुंजजवळ यमुनेवर दर हिवाळ्याच्या तोंडाला पांढरा फेस तरंगतो आणि छठपूजेच्या बाया त्यात उभ्या राहतात, ती दृश्यं आपण पाहिली आहेत. त्याच्या मुळाशी हेच आहे, प्रक्रिया न झालेलं सांडपाणी आणि त्यातले साबण. शिवाय ज्या पावडरीत फॉस्फेट असतं ती तळ्याला खत घातल्यासारखी असते. शेवाळ माजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. बावखलासारख्या साचलेल्या पाण्याला हे सर्वात आधी भोवतं.

मग वापरायचं काय? याचं उत्तर निम्मं आपल्या आजीकडे आहे. कोकणात रिठ्याचं झाड परकं नाही. दहा-बारा रिठे फोडून, बिया काढून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळून कुस्करून गाळावेत. भांडी, फरशी, रेशमी दुपट्टे, लोकरी शाल यांना हे पाणी उत्तम. टँकरच्या आणि बोअरच्या जड पाण्यात साधा साबण फुटतो, रिठा फुटत नाही. मात्र हे पाणी दोन-चार दिवसांत आंबतं, म्हणून थोडंथोडंच करावं आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये. जळकी भांडी चुलीच्या राखेने आणि नारळाच्या काथ्याने निघतात हे कोणाला सांगायला नको. राखेत क्षार असतो म्हणून ती चिकटा काढते. 'अल्कली' हा शब्दच मुळी अरबी 'अल-क़ली'वरून आला, म्हणजे खारट जमिनीतल्या झुडपांची राख. त्या राखेतला क्षार आणि तेल यांपासून अरबांनी साबून बनवला. नाबलुस आणि हलब या शहरांचा जैतून तेलाचा साबण आजही जगात ओळखला जातो. म्हणजे हा विषय आपल्याला कोणी बाहेरून शिकवतो आहे असं मानायचं कारण नाही.

नळांवर, फरशीवर, बादलीच्या काठावर बसलेला पांढरा थर हा जड पाण्याचा क्षार आहे. त्याला अ‍ॅसिडची बाटली लागत नाही. किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून लावावं, दहा मिनिटं थांबावं, घासावं. तेलकट ओट्यासाठी धुण्याचा सोडा. मोबाइलवर फिरणारी एक कृती मात्र करू नका, ती म्हणजे सोडा आणि व्हिनेगर एकत्र करणं. फसफसतं छान, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळपास साधं पाणी.

'नैसर्गिक' म्हटलं की सगळं निर्धोक, असंही नाही. रिठ्याच्या ज्या गुणामुळे फेस येतो त्याच गुणामुळे माशांचा श्वास कोंडतो. मासे पकडण्यासाठी अशा फळांचा चुरा पाण्यात टाकण्याची रीत जगात अनेक ठिकाणी होती. तेव्हा रिठ्याचं पाणीही थेट तळ्यात ओतायचं नाही, केळीच्या बुंध्याशी ओतायचं. ते मातीत लवकर कुजतं, हा त्याचा फायदा. आणि दुकानातल्या हिरव्या बाटलीवर पान छापलं आहे म्हणून जास्त पैसे मोजू नयेत. सरकारची इकोमार्क योजना १९९१ पासून आहे, तिचं चिन्ह मातीचं मडकं, आणि साबण-डिटर्जंट सुरुवातीपासून तिच्यात आहेत. ते मडकं तुम्ही कधी बाटलीवर पाहिलं आहे का? कंपन्यांना ते मिळवण्यापेक्षा पान छापणं स्वस्त पडतं. २०२४ मध्ये या योजनेचे नवे नियम आले आहेत. आपण दुकानदाराला मडक्याबद्दल विचारायला लागलो तर तोही पुढे विचारेल.

आता फळांच्या सालींचं पाणी, ज्याला बायो-एन्झाइम म्हणतात. रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यांत मोसंबी, संत्री, अननसाच्या सालींचे ढीग पडतात. ज्यूसच्या गाडीवाल्याकडे तर वर्षभर. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात, वर थोडी जागा ठेवून. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून हवा सोडायची, नाहीतर पिंप फुटतं. काचेची बरणी म्हणूनच नको. तीन महिन्यांनी गाळायचं आणि पाण्यात पातळ करून फरशी, संडास, मोरीला वापरायचं. हे दवाखान्यातलं जंतुनाशक नाही, तसा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नका. घरात उलटी-जुलाबाचा रुग्ण असेल तेव्हा ब्लीच वापरावं, एकटं, मापात, खिडकी उघडी ठेवून. रोजच्या सफाईला मात्र हे आंबट पाणी पुरतं.

इथं एक प्रश्न निघतो आणि तो टाळू नये. गूळ आणि फळं आंबवली की आधी मद्यार्क तयार होतो, मग त्याचा सिरका होतो. मग हे पाक का? हनफी मतात वस्तूचं रूप पूर्ण पालटलं की हुकूम पालटतो, म्हणून तिथं अडचण कमी. कोकणी मुसलमान शाफई आहेत, आणि शाफई मतात शराब आपोआप सिरका झाली तर पाक, आत काही टाकून केली तर नाही, अशी बारीक अट आहे. सालींच्या पाण्याला ती कशी लागू होते हे सांगणं संपादकाचं काम नाही. आपल्या इमामसाहेबांना जाऊन विचारा, कृती कागदावर लिहून घेऊन जा. या निमित्ताने मशिदीत सफाईच्या वस्तूंवर चर्चा झाली तरी खूप झालं. जवाब येईपर्यंत मशिदीत रिठा, लिंबूफूल आणि सोडा वापरावा. त्यांवर कोणाचाच एतराज नाही.

घरोघरी रिठा उकळला म्हणून कळंबचा समुद्र स्वच्छ होणार नाही, हेही स्पष्ट लिहायला हवं. नाल्याच्या तोंडाशी प्रक्रिया केंद्र नसेल तर आपली सगळी मेहनत मोजता न येण्याइतकी थोडी. वसईत या लढाईची जुनी परंपरा आहे. १९८९ च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, बिल्डरांच्या आणि गुंडांच्या दहशतीसमोर गावं उभी राहिली. फादर २०२४ मध्ये गेले. गेल्या काही वर्षांत वसईच्या गावांतली पोरं श्रमदानाने बावखलं साफ करत आहेत. या कामात आपले चेहरे किती, हा आपल्याला झोंबायला हवा असा प्रश्न आहे. आपण मोर्चे काढतो ते बहुतेक आपल्यावरच्या अन्यायाचे. ते काढावेच लागतात. पण पाण्याचा, नाल्याचा, सांडपाणी केंद्राचा अर्ज घेऊन वॉर्ड कार्यालयात गेलेला मुस्लिम तरुण शेजाऱ्याला दिसतो तेव्हा त्याचं नातं बदलतं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अ‍ॅड. अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. दोन माणसं. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे चालत गेली.

आणखी एक बाजू. सायकलवर कॅन लावून गल्लोगल्ली सुटं फिनाइल, अ‍ॅसिड विकणारी पोरं आपल्यातलीच आहेत. 'बंद करा' म्हणणं सोपं आहे, त्यांचं पोट कोण भरणार? त्याच सायकलवर रिठ्याची पावडर, लिंबूफूल, सोडा, सालींचं पाणी विकता येईल. बनवणाऱ्या आपल्याच बचत गटांतल्या बाया असू शकतात. पहिलं गिऱ्हाईक मशिदीची कमिटी आणि मोहल्ल्यातल्या दोन-चार सोसायट्या झाल्या तर धंदा चालतो. आम्हाला यात पुण्यापेक्षा हिशोब जास्त दिसतो, आणि त्यात वाईट काही नाही.

शेवटी तारखांचा विचार. सालींचं पाणी तयार व्हायला तीन महिने लागतात. जमादिउल आखिरच्या सुरुवातीला पिंप भरलं तर ते रमजानच्या चांदरातीला उघडतं. रमजानच्या पहिल्या आठवड्यात इफ्तारच्या सालींनी भरलेलं पिंप जिल्हज्जच्या पहिल्या आठवड्यात उघडतं, म्हणजे बकरी ईदच्या तोंडावर, जेव्हा गल्ल्या धुवायच्या असतात आणि आपण नाल्यात पोत्याने ब्लीचिंग पावडर ओततो. रक्त आधी थंड पाण्याने धुवावं, गरम पाण्याने ते जमतं. मग सोडा, मग वासासाठी सालींचं पाणी. कोणाच्या इमारतीच्या गच्चीवर सावलीत एक पिंप ठेवायला जागा आहे, एवढं येत्या जुमाला नमाजनंतर ठरवून टाका.